बोल्ट बदलला आणि रायफल अडली: जेम्स पॅरिस ली नावाच्या घड्याळजीची गोष्ट

मागच्या महिन्यात माझ्या फोनचा डिस्प्ले फुटला. दुकानातून नवा बसवून घेतला. टच चालतो, रंगही ठीक, पण फिंगरप्रिंट बंद! पार्ट त्याच मॉडेलचा होता, तरी फोनने त्याला आपलं मानलं नाही. अशा वेळी मला कॉलेजमधली एनसीसीची परेड आठवते.

मी मिरकरवाड्याचा. रत्नागिरीत कॉलेजला असताना एका कॅम्पमध्ये आम्ही रायफली साफ करत होतो. .२२ च्या होत्या, पण बांधा जुन्या ली-एनफिल्डचाच. दोघांनी बोल्ट काढून एकाच फडक्यावर ठेवले आणि बसवताना अदलाबदल झाली. माझा अर्ध्यात अडला, मित्राचा सुळकन बसला. मला वाटलं, त्याचं तरी जमलं. उस्तादांनी बघितलं आणि जो बसला होता त्यावरच जास्त ओरडले! मग बोल्टच्या दांड्यावरचा नंबर दाखवला. तोच नंबर रायफलच्या अंगावर कोरलेला होता. शिक्षा म्हणून मैदानाला किती चकरा मारल्या ते सोडा, पण तेव्हापासून हा ली कोण, याचं कुतूहल होतं.

जेम्स पॅरिस लीचा जन्म १८३१ चा, स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचा. तो लहान असतानाच घरचे कॅनडात गॉल्ट इथे जाऊन राहिले. वडील घड्याळजी. बाराव्या वर्षी पोराने एका जुन्या पिस्तुलाच्या नळीपासून स्वतःची बंदूक बनवली. पुढे वडिलांच्याच हाताखाली घड्याळाचं काम शिकला आणि विशीच्या आसपास चॅटममध्ये स्वतःचं दुकान टाकलं. घड्याळात केसाएवढा फरक पडला तरी चाक अडतं. त्याची पुढची सगळी कामं बघताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

नंतर तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला. पुढे तिथे यादवी युद्ध सुरू झालं आणि बंदुकीत मागच्या बाजूने गोळी कशी भरायची यावर सगळ्यांची डोकी चालली होती. लीनेही पेटंट घेतलं, मिलवॉकीत कंपनी काढली आणि १८६५ मध्ये सैन्याकडून १००० कार्बाइनची ऑर्डर मिळवली. आणि माशी कुठे शिंकली? तर नळीच्या मापात! कॅलिबरवरून वाद झाला, सरकारने माल घ्यायला नकार दिला आणि कंपनी गाळात गेली. मापाच्या माणसाचं मापानेच नुकसान व्हावं, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

पण गडी थांबला नाही. ४ नोव्हेंबर १८७९ ला त्याला ज्या पेटंटवर शिक्का मिळाला, त्यावर त्याचं नाव टिकलं: बोल्टच्या खाली बसणारी, काढता-घालता येणारी मॅगझिनची पेटी. आत स्प्रिंग, वर रचलेल्या गोळ्या. बोल्ट मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवी गोळी आत. ज्या शार्प्स कंपनीने ही रायफल बनवायला घेतली तीच बंद पडली, मग काम रेमिंग्टनकडे गेलं. शेवटी ब्रिटिशांनी ते डिझाइन उचललं. १८८८ ला ली-मेटफर्ड आली आणि १८९५ ला नळीतले आटे बदलून ली-एनफिल्ड. गंमत म्हणजे काढता येणारी पेटी हाच लीचा शोध, आणि सुरुवातीला सैन्याने ती हरवू नये म्हणून साखळीने रायफलीलाच बांधून ठेवली!

आता बोल्टकडे येऊ. बोल्ट म्हणजे दाराचा बोल्टच समजा. पुढे ढकलायचा, फिरवायचा, दार बंद. लीचा बोल्ट फक्त ६० अंश फिरतो, म्हणून हात पटकन चालतो. त्याला अडकवणारे खुंट मागच्या बाजूला असतात. आणि पुढचं टोक, म्हणजे बोल्ट हेड, हा वेगळा स्क्रूसारखा फिरवून बसवायचा तुकडा. माझ्या मते सगळ्या डिझाइनमधली ही सर्वांत हुशार जागा.

कारण असं. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. बंद बोल्ट आणि नळीचं मागचं टोक यांच्यामध्ये त्या कडेपुरतीच जागा हवी. ही फट मोजायला गेज असतात. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ इंचाच्या गेजवर बंद होता कामा नये. मधला फरक ०.०१० इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. बोल्ट अडला तर फट कमी आहे. त्रास आहे, पण धोका दिसतो तरी. सुळकन बंद झाला आणि फट जास्त असेल, तर गोळी सुटताना पितळी काडतूस मागे ताणलं जातं, फाटू शकतं आणि तापलेला वायू मागे येतो. मागे कोण असतं? नेम धरलेला डोळा. उस्ताद माझ्या मित्रावर जास्त का ओरडले, ते मला इथे कळलं.

म्हणून जुन्या रायफलीला दुसरा बोल्ट लावताना आर्मरर आधी बोल्टचं अंग बघतो. मागचे दोन्ही खुंट सारखे टेकतात का? एकच टेकत असेल तर सगळा धक्का एका बाजूला जातो. ते जुळल्यावरच हेडची पाळी. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ रायफलसाठी ०, १, २, ३ असे शिक्के मारलेले हेड असत, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित लांब. फट वाढली की पुढचा नंबर लावायचा. हेड पूर्ण आवळल्यावर जागेवर न थांबता पुढेच फिरत राहिलं, तर आटे झिजलेत किंवा जोडी चुकलीय. आणि हो, हे सगळं आर्मररचं काम. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ नुसार हत्याराचे सुटे भागही हत्यारातच मोडतात, त्यामुळे घरी प्रयोग नको.

नंबर जुळवायची ही पद्धत मला घरीही भेटली. आमच्या काकांच्या बोटीच्या इंजिनाला एकदा दुसऱ्या बोटीवरचा नोझल लावला होता. इंजिन चालू झालं म्हणून सगळे खूश, आणि समुद्रात गेल्यावर काळा धूर!

लीने अमेरिकी नौदलासाठी सरळ ओढायच्या बोल्टची ६ मिमीची रायफलही केली, १८९५ ची. ती फार चालली नाही. २४ फेब्रुवारी १९०४ ला कनेटिकटमध्ये तो वारला. त्याच सुमारास कोलकात्याजवळ इशापूरला रायफल फॅक्टरी उभी राहिली. तिथे पुढे कित्येक दशकं त्याचाच बोल्ट बनत राहिला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींच्या हातात .३०३ होती. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने हीच रचना ७.६२ मिमीच्या गोळीसाठी वापरून २ए आणि २ए१ काढल्या. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्टेशनवर एके-४७ समोर पोलिसांच्या हातात .३०३ च होत्या. एकेक गोळी, दर वेळी बोल्ट ओढायचा. ज्या डिझाइनवर मी एवढा खूश आहे, त्यात त्या रात्री लीचा काही दोष नव्हता, पण ते फोटो बघवत नाहीत. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

माझा फोन? फिंगरप्रिंट अजून बंदच आहे. पिन टाकून चालवतोय.