डॉ. कोटणीस, फिट आणि कांदा

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव नवीन नाही. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आपण बाईकवरून जाता-येता कितीदा तरी पाहिलेलं असतं. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथेच वारले, व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण ते कशाने गेले असं विचारलं, की माझ्या ओळखीतले बरेच जण 'युद्धात मारले गेले असतील' असं सांगतात. तसं नाही. त्यांना फिट यायच्या. अपस्मार. वय ३२.

जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. डॉक्टरी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला, चीनकडून मदतीची हाक आली आणि काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवायचं ठरवलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून जहाजाने निघाले तेव्हा २७ वर्षांचे होते, म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. या वयात आपण नोटीस पिरियड किती दिवसांचा यावर डोकं खातो. वडील वारल्याचं कळूनसुद्धा ते परतले नाहीत.

उत्तर चीनमधल्या त्या डोंगराळ भागाला जपान्यांचा वेढा होता. औषधं कमी, बँडेज धुऊन पुन्हा वापरायची. १९४० मध्ये एका लढाईच्या वेळी कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली असं सांगितलं जातं. जानेवारी १९४१ मध्ये ते तिथल्या बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले.

या बेथूनबद्दल थोडं सांगायलाच हवं. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे सर्जन. त्यांना स्वतःला क्षयरोग झाला होता. १९२७ साली त्यांनी एक विचित्र उपचार हट्टाने करून घेतला. छातीत सुई घालून बाहेरून हवा भरायची आणि आजारी फुप्फुस मुद्दाम दाबून ठेवायचं, म्हणजे त्याला 'विश्रांती' मिळते! ऐकायला जादूटोणा वाटतो, पण क्षयावर औषध नसल्यामुळे तेव्हा मोठमोठ्या दवाखान्यांत हे सर्रास चालायचं. बेथून त्यातून बरे झाले, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये चीनमध्ये ऑपरेशन करताना बोट कापल्याचं निमित्त होऊन गेले. जखमेचं विष रक्तात भिनलं. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्येच लागला होता, पण औषध म्हणून ते अजून तयार झालं नव्हतं.

आता मूळ मुद्द्यावर. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींचे विजेचे सिग्नल एकाच वेळी बेशिस्तपणे सुटणं. हे सिग्नल कवटीवरून मोजता येतात हे हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी हजारो वर्षं फक्त अंदाज होते. प्राचीन रोममध्ये मारल्या गेलेल्या ग्लॅडिएटरचं ताजं रक्त रोग्याला पाजत. आणि आपल्याकडे? कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, हातात किल्ल्यांचा जुडगा द्या. हे तर बसस्टँडवर आजही बघायला मिळतं.

गंमत म्हणजे कांद्याने 'गुण येतो' असं खरंच दिसतं. कारण बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. कुणीतरी पळत जाऊन कांदा आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. रेंज गेली की आपण फोन हवेत उंच धरतो, तेवढ्यात रेंज येते, आणि क्रेडिट हाताला. तसंच हे.

पण डॉक्टर लोक तरी कुठे फार वेगळे होते? पहिलं खरं औषध, ब्रोमाइड, लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये पुढे आणलं. फिटचा संबंध लैंगिक भावनांशी आहे असा तेव्हा अनेक डॉक्टरांचा समज होता, आणि ब्रोमाइड त्या भावना दाबतं म्हणे. कारण साफ चुकीचं, पण औषध चाललं. आमच्या भाषेत, बग समजलाच नाही पण फिक्स चालून गेला. १९१२ मध्ये हाउप्टमान या डॉक्टरने वॉर्डातले रुग्ण शांत झोपावेत म्हणून झोपेची गोळी दिली, तर त्यांच्या फिट कमी झाल्या. तेच फिनोबार्बिटोन, आजही वापरात आहे. मग १९३८ मध्ये अमेरिकेत फिनिटोइन आलं, प्राण्यांवर पद्धतशीर चाचण्या करून शोधलेलं.

१९३८. कोटणीस निघाले तेच साल. ज्या भागात बँडेज मोजून वापरत होते तिथे नवं औषध पोहोचणार कसं? शिवाय झोप न मिळणं हे फिट येण्याचं एक ओळखीचं कारण आहे. त्या ७२ तासांमुळेच आजार बळावला असं मी म्हणत नाही, पण ते आयुष्य या आजाराला मानवणारं नव्हतं. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं इनहुआ. 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. तो साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस गेले. सर्जरीवरचं त्यांचं पुस्तक अर्धवट राहिलं.

आज ते असते तर वाचले असते का? बहुधा हो, पण खात्री नाही. आज वीसहून जास्त औषधं आहेत, तरी जवळपास एकतृतीयांश रुग्णांच्या फिट त्यांनी पूर्ण थांबत नाहीत. काही जण झोपेत अचानक दगावतात, आणि तसं नेमकं का होतं हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये फिट ओळखणाऱ्या स्मार्टवॉचला मान्यता मिळाली. हाताचे झटके आणि त्वचेतला विजेचा बदल सेन्सर टिपतात, फोनवरून घरच्यांना अलर्ट जातो. फिट थांबवणं मात्र त्या घड्याळाला जमत नाही.

तुमच्यासमोर कुणाला फिट आली तर फोन काढा, पण व्हिडिओसाठी नाही. टायमर लावा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच पुन्हा आली, तर १०८ ला फोन लावा. आणि कांदा आणायला कुणाला पळवलंच असेल, तर त्यालाच रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला हात दाखवायला उभं करा.