चिंतामणरावांचा रुक्ष कायदा

चिंतामणराव देशमुख म्हटले की मराठी माणसाला 1956 चा राजीनामा आठवतो. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारा बाणेदार माणूस ही प्रतिमा खोटी नाहीच. पण माझ्यासारख्या, उमेदीची वर्षे बँकेच्या खतावण्यांत घालवलेल्या माणसाला त्यांचे दुसरेच एक काम मोठे वाटते. ते इतके रुक्ष आहे की त्यावर पोवाडा रचता येणार नाही.

जन्म 14 जानेवारी 1896, महाडजवळच्या नाते गावी. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, 1918 मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पुन्हा पहिले. नेमणूक मिळाली मध्य प्रांत व वऱ्हाडात, आणि ते आमचे शेजारी झाले. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात; पैनगंगा ओलांडली की वाशीम, म्हणजे इंग्रजांच्या अमलाखालचा वऱ्हाड. माती तीच काळी, पीक तेच कापसाचे. फक्त अलीकडे हाली सिक्का आणि पलीकडे कलदार रुपया.

1929 नंतर मंदी आली आणि कापसाचे भाव दोन्ही काठांवर कोसळले. अमेरिकेत 1930 ते 1933 या काळात नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. शेजारच्या कॅनडात तीच मंदी, गव्हाची तीच दैना. पण बँक एकही बुडाली नाही. अमेरिकेतल्या बहुतेक बँका एकेका गावापुरत्या होत्या. गावचा शेतकरी बसला की बँक बसे. कॅनडात मोजक्या मोठ्या बँका, शाखा मात्र देशभर. एका प्रांतातला तोटा दुसऱ्या प्रांतात सोसला जाई. 1923 मध्ये तिथली होम बँक बुडाली होती, तेव्हापासून सरकारी तपासणीही सुरू झालेली. गंमत म्हणजे त्या मंदीत कॅनडाला मध्यवर्ती बँकच नव्हती. ती निघाली 1935 मध्ये, आपल्या रिझर्व्ह बँकेच्याच वर्षी.

आमच्या खेड्यांत बुडायला बँकच नव्हती. होता तो सावकार. शेतकऱ्याने आधी बायकोच्या अंगावरचे सोने मोडले, मग जमीन लिहून दिली. 1931 नंतर या देशातून असे मोडीचे सोने जहाजे भरभरून परदेशी गेले. चिंतामणराव पुढे मध्य प्रांताचे अर्थसचिव झाले. मंदी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1939 मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट 1943 मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले. लढाईचे दिवस, पैसा वाहता. बाजारपेठेच्या गावोगाव बँका उगवत होत्या; भांडवल तुटपुंजे, पाटी मोठी. ठेवी लोकांच्या आणि कर्जे संचालकांच्याच पेढ्यांना! 1938 मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाल्याचा धडा ताजा होता. बँकांसाठी स्वतंत्र कायद्याची सूचना त्यांच्या आधीचे गव्हर्नर टेलर यांच्या काळातली, म्हणून सारे श्रेय एकट्या देशमुखांचे म्हणणे बरोबर नाही. पण लढाई, फाळणी आणि मसुद्याच्या फेऱ्यांतून तो 1949 मध्ये तडीस गेला, तेव्हा खुर्चीवर ते होते.

कायद्यात काय होते? परवान्याशिवाय बँक नाही. बँकेने मालाचा व्यापार करायचा नाही. ठेवींच्या मानाने वीस टक्के रक्कम रोकड, सोने किंवा मान्य रोख्यांत ठेवायची. नफ्याचा पाचवा हिस्सा गंगाजळीत टाकायचा. संचालकाला विनातारण कर्ज नाही. आणि रिझर्व्ह बँकेचा तपासनीस केव्हाही दारात उभा! आम्ही कारकून त्या तपासणीच्या नावाने बोटे मोडीत असू. या जाचाने कर्जे हात आखडून दिली गेली, हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. तरी ठेवीदाराच्या बाजूने विचार केला तर हा सौदा स्वस्तातच पडला.

पुढे ते अर्थमंत्री असताना 1955 मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि शाखा तालुक्यांकडे निघाल्या. म्हणजे कॅनडाचीच वाट, सरकारी गाडीतून.

कायदा असूनही 1960 मध्ये केरळात पलाई सेंट्रल बँक आणि इकडे अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. अकोला आम्हाला परके नव्हे. तेव्हा चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगावर होते. त्या धक्क्यातून 1962 मध्ये ठेवविमा आला. सुरुवातीला दीड हजार रुपयांपुरता, 2020 पासून पाच लाखांचा.

या भिंतीला एक खिंडार मात्र राहिले. सहकारी बँका 1966 पर्यंत कायद्याबाहेर होत्या, पतसंस्था आजही आहेत; त्यांच्या ठेवींना हा विमा नाही. मराठवाड्यात अलीकडे शेतमजुरांपासून पेन्शनरांपर्यंत ज्यांचे पैसे पतसंस्थांत अडकले, त्यांतल्या अनेकांना ही गोष्ट दाराला कुलूप लागल्यावर कळली. पाटीवर परवाना बँकेचा की नोंदणी पतसंस्थेची, हे पाहायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

चिंतामणराव अखेरच्या काळात हैदराबादला होते. आमच्या या मुलखाचा कारभार एकेकाळी जिथून चाले, त्याच शहरात. पत्नी दुर्गाबाई 1981 मध्ये गेल्या. 2 ऑक्टोबर 1982 रोजी तेही गेले. त्यांचा कायदा 1966 पासून बँकिंग नियमन कायदा या नावाने चालू आहे.