श्री संत सावता महाराज : मळ्यातच पंढरी पाहिलेले भगवद्भक्त

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ अरण हे गाव आहे. श्री संत सावता महाराजांची ही जन्मभूमी, कर्मभूमी आणि समाधिभूमी होय. महाराजांचा जन्म शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० मध्ये झाला, असे परंपरा मानते. त्यांचे आजोबा देवू माळी हे पंढरीचे वारकरी होते. वडिलांचे नाव पुरसोबा आणि आईचे नाव नंगिताबाई. घरी माळीकाम आणि विठ्ठलभक्ती ही दोन्ही पिढीजात असल्याने बाल सावताच्या हाती खुरपे आणि मुखी नाम एकाच वेळी आले.

पुढे भेंड गावच्या जनाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विठ्ठल आणि नागाताई अशी दोन अपत्ये त्यांना झाली. महाराजांनी संसार सोडला नाही, मळाही सोडला नाही. श्री ज्ञानेश्वर, श्री नामदेव, श्री गोरोबाकाका हे त्यांचे समकालीन. मात्र इतर संत पंढरीच्या वाटेने जात असता सावता महाराज आपल्या मळ्यातच राहिले, म्हणून त्यांचे चरित्र वेगळे ठरते.

यामागील कारण ज्याने भाजीपाला पिकविला आहे त्यास सहज उमजेल. आषाढी वारी नेमकी पावसाळ्यात येते. या दिवसांत लहानसा मळाही माणसाला उसंत देत नाही. वाफ्यात पाणी साचले तर कांद्याची रोपे पिवळी पडतात, मुळा जमिनीतच कुजतो. म्हणून पाऊस उघडताच चर मोकळे करून पाणी बाहेर काढावे लागते. पावसाने उघड्या पडलेल्या मुळांना मातीची भर द्यावी लागते. कोथिंबीर, मेथी यांसारख्या कोवळ्या भाज्यांत तण पिकापेक्षा वेगाने वाढते, आणि आठ दिवस खुरपणी चुकली तर पीक तणाखाली दबून जाते. दोडका, कारली यांचे वेल वेळीच मांडवावर चढविले नाहीत, तर फळे ओल्या मातीस टेकून सडतात. आणि पाऊस दडी मारून बसला, तर पुन्हा विहिरीवर मोट जुंपावी लागते. मळा सोडून गेल्यास घरची चूल आणि दाराशी येणारा अतिथी, दोघेही उपाशी राहण्याची वेळ येते.

देवाकडे जावे की देवाने सोपविलेले काम करावे, असा हा प्रश्न होता. महाराजांनी तो आपल्या आचरणाने सोडविला. भाजीपाल्याच्या प्रत्येक रोपात त्यांनी विठ्ठल पाहिला. मोट, नाडा, विहीर यांतही त्यांना तोच दिसला. नांगरणी, पाणी देणे, खुरपणी ही त्यांची पूजा झाली.

परंपरेतील एक कथा सर्वश्रुत आहे. हातपाय नसलेले भक्त कूर्मदास पंढरीस निघाले होते. ते लऊळ येथे अडले. त्यांच्या भेटीस प्रत्यक्ष पांडुरंग श्री ज्ञानदेव व श्री नामदेव यांच्यासह निघाले. वाटेत अरण लागले. तेथे दोघांना मागे थांबवून देव एकटेच मळ्यात गेले आणि आपणांस कोठेतरी लपवावे अशी गळ त्यांनी सावतोबांना घातली. महाराजांनी हातातील खुरप्याने आपली छाती चिरली, देवास हृदयात ठेवले आणि वरून उपरणे बांधले. इकडे देव दिसेनात म्हणून नामदेव व्याकुळ झाले. त्यांचा आकांत पाहून महाराजांनी देवास प्रकट केले. देव शोधण्यासाठी फिरणारे नामदेव आणि देव हृदयात असताही स्वस्थ उभे असलेले सावतोबा, असे भक्तीचे दोन प्रकार या कथेत एकत्र भेटतात.

महाराजांचे मोजकेच, सुमारे ३७ अभंग आज उपलब्ध आहेत. ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, असे सांगितले जाते. आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी महाराजांनी आपल्या मळ्यातच देह ठेवला. तेथेच त्यांचे समाधिमंदिर आहे.

आषाढीस महाराष्ट्रातील संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. परंतु एकादशीनंतर, महाराजांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. जो भक्त मळा सोडून येऊ शकला नाही, त्याच्या भेटीस देव स्वतः जातात, अशी या सोहळ्यामागील श्रद्धा आहे.

दर्शनास आलेल्या प्रत्येक भाविकामागे घरी कोणीतरी थांबलेले असते. कोणी पेरणीसाठी, कोणी गुराढोरांसाठी, तर कोणी आजारी माणसाच्या उशाशी. त्यांच्यामुळेच आपली यात्रा घडते. घरी परतल्यावर प्रसाद प्रथम त्यांच्या हाती द्यावा. महाराजांच्या चरित्राचे स्मरण त्याहून वेगळे ते काय?

॥ जय हरि विठ्ठल ॥