जिथे नेले, तिथे मोजले

रमजानच्या महिन्यात मुसलमानांच्या घरात, मशिदीच्या दारात, नाक्यावरच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर एक कागद हमखास चिकटवलेला असतो. सहरी कधी संपते आणि इफ्तार कधी, याचा तो तक्ता. मुंबईचा तक्ता नागपुरात चालत नाही. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो आणि रोजाही तेवढाच आधी सुटतो. नमाजाच्या दिशेचेही तसेच. आपल्याकडे सरसकट पश्चिम म्हटले जाते, पण मुंबईहून मक्केची नेमकी दिशा पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे आहे. मोबाइल हे सगळे क्षणात सांगतो. त्यामागच्या गणिताला मात्र आधी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. मक्का पृथ्वीवर नेमकी कुठे आहे, आणि आपण कुठे उभे आहोत?

यातला दुसरा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर, जातील त्या गावी स्वतःला विचारला, ते अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्बेरुनी. शाळेच्या पुस्तकात ते महमूद गझनवीच्या काळात भारतात आलेले विद्वान म्हणून भेटतात, त्यांच्या भारतावरच्या ग्रंथाचे नाव येते आणि धडा पुढे सरकतो. पृथ्वीचे आकारमान आणि तिच्यावरच्या गावांची जागा ठरवणारे जे शास्त्र आज भूगणित म्हणून शिकवले जाते, त्यात त्यांनी केलेले काम त्या धड्यात मावत नाही.

अल्बेरुनींचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी ख्वारिज्म प्रांताच्या काथ या राजधानीत, शहराच्या वेशीबाहेर झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात आहे. फारसीत बाहेरच्या भागाला बिरून म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडले. त्यांच्या घराण्याबद्दल फारसे सांगता येत नाही. उस्ताद मात्र त्यांना मोठे मिळाले. अबू नस्र मन्सूर हे ख्वारिज्मच्या राजघराण्यातले आणि त्या काळातले अव्वल गणिती. त्रिकोणमितीतले काही महत्त्वाचे नियम सिद्ध करणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. राजपुत्राने वेशीबाहेरचा मुलगा जवळ केला आणि त्याला आकाश मोजायला शिकवले. ९९० साली, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, या मुलाने अंशांच्या खुणा केलेल्या कड्याने दुपारच्या सूर्याची उंची मोजली आणि काथचा अक्षांश काढला. आपल्या जन्मगावाची पृथ्वीवरची जागा त्यांनी अशी निश्चित केली, आणि पाच वर्षांत ते गाव सोडावे लागले.

९९५ मध्ये ख्वारिज्ममध्ये यादवी पेटली. अबू नस्र यांच्या घराण्याची सत्ता गेली. त्या उन्हाळ्यात अल्बेरुनींनी काथजवळच्या एका खेड्यात मोठे कडे उभारून सूर्याच्या नोंदींचा बेत आखला होता. मोजके काम हाती आले आणि त्यांना पळावे लागले. आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात ते हलाखीत राहिले. तिथल्या एका ज्योतिष्याने त्यांचे म्हणणे केवळ ते गरीब आहेत म्हणून उडवून लावले. पुढे दिवस पालटल्यावर तोच माणूस सलगी करू लागला. ही गोष्ट अल्बेरुनींनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

रयमध्येच त्यांना खुजंदी भेटले. खुजंदींनी ९९४ मध्ये सूर्याची उंची मोजण्यासाठी इमारतीएवढे अवजड यंत्र बांधले होते. त्यातून आलेला आकडा अपेक्षेपेक्षा कमी होता. सूर्यकिरण आत घेणारे छिद्र मोजणीच्या काळात वीतभर खचले, ही कबुली खुजंदींनी या तरुणाजवळ दिली. वीतभर खचलेल्या दगडामुळे आकाशाचा हिशेब चुकू शकतो, हा धडा अल्बेरुनी विसरले नाहीत. पुढच्या ग्रंथांत कुणाचाही आकडा घेताना त्यांनी तो कोणत्या यंत्राने, कुणी आणि कसा काढला, हे आधी पाहिले.

अक्षांश काढायला सूर्य किंवा ध्रुवतारा पुरतो. रेखांश मात्र एकट्याने काढता येत नाही. दोन गावांत एकाच क्षणी घड्याळात काय वाजले, हे कळले तर त्यांच्यातले पूर्व-पश्चिम अंतर कळते. चार मिनिटांच्या फरकाला एक अंश. त्या काळी दोन्ही गावांना एकाच क्षणी दिसणारी खूण म्हणजे चंद्रग्रहण. अल्बेरुनी काथला परतले होते, तेव्हा त्यांनी बगदादचे नामवंत गणिती अबुल वफा यांच्याशी आधी ठरवून घेतले. २४ मे ९९७ च्या रात्री एकाने काथमध्ये आणि दुसऱ्याने बगदादमध्ये तेच ग्रहण पाहिले आणि आपापल्या वेळा टिपल्या. फरक सुमारे एका तासाचा निघाला. एक पन्नाशी उलटलेला, दुसरा चोविशीतला. मध्ये वाळवंटे, डोंगर आणि आठवडेच्या आठवडे लागणारी वाट. तरी त्या रात्री दोघे एकाच मोजणीवर होते. आजच्या परिषदा आणि संयुक्त संशोधन यांचा गाभा याहून फार निराळा नाही.

त्यांच्या हयातीत पत्रांतूनही असाच संवाद चालला. वयाने लहान असलेल्या इब्न सिनांना त्यांनी ॲरिस्टॉटलच्या मतांवर प्रश्न पाठवले, उत्तरांवर पुन्हा हरकती घेतल्या. भाषा कधी तिखट झाली आणि पुढची उत्तरे इब्न सिनांच्या शिष्याने, मासूमींनी लिहिली. वाद झाला, पण प्रश्न आणि उत्तरे दोन्ही जपली गेली.

सुमारे १००० साली कॅस्पियन समुद्राच्या काठच्या गुरगानमध्ये त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या कालगणनेवर ग्रंथ लिहिला. यहुदी, ख्रिस्ती, पारशी, मुसलमान अशा सर्वांचे महिने, सण आणि उपवास त्यात शेजारीशेजारी मांडले आहेत. नंतर ते ख्वारिज्मच्या दरबारी परतले. १०१७ मध्ये महमूदाने ख्वारिज्म जिंकले आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेले. त्यांत अल्बेरुनी होते, त्यांचे उस्ताद अबू नस्रही होते. पाहुणे म्हणावे तर परत जाण्याची मुभा नव्हती.

पुढच्याच वर्षी, १०१८ च्या शरदात, ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. मन उद्विग्न होते आणि हाताशी एकही यंत्र नव्हते. त्यांनी हिशेबाची पाटी उलटी केली, मागच्या बाजूला वर्तुळाचा तुकडा आखून त्यावर अंश पाडले, दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला आणि सूर्याची उंची घेतली. कुठे राहायचे हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. आपण कुठे आहोत हे जाणून घेणे मात्र कुणी हिरावू शकत नव्हते.

गझनीत त्यांनी हाती घेतलेला प्रश्न रोजच्या इबादतीतला होता. या शहराचा किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, नेमकी कोणती? त्यातून १०२५ मध्ये स्थळांचे अक्षांश-रेखांश ठरवणारा त्यांचा मोठा ग्रंथ, तहदीद, पुरा झाला. बगदाद ते गझनी एकदम मोजणे अशक्य होते. म्हणून त्यांनी मधली शहरे साखळीसारखी जोडली. काफिल्यांच्या वाटेवरची अंतरे घेतली, वाट वळणावळणाची असते म्हणून त्यांतून वजावट केली, प्रत्येक ठिकाणचा अक्षांश जोडला आणि एक वाट संपली की दुसऱ्या वाटेने तोच हिशेब पडताळला. बगदाद आणि गझनी यांच्या रेखांशांतला फरक त्यांना चोवीस अंशांहून थोडा जास्त मिळाला. आजच्या नकाशावर तो चोवीस अंशांच्या जवळपासच आहे. उंटांच्या पावलांवरून काढलेल्या हिशेबाची ही कमाल आहे.

नमाजाच्या वेळा सावलीवरून ठरतात, म्हणून त्यांनी सावल्यांवरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रसंग येतो. वेळ दाखवणारे एक यंत्र एका इमामाने नाकारले, कारण त्यावर रूमी, म्हणजे ख्रिस्ती बायझंटाइन लोकांच्या महिन्यांची नावे कोरलेली होती. त्यावर अल्बेरुनींनी त्याला सुनावले, की रूमी लोक जेवतातही आणि बाजारातही हिंडतात. मग या दोन गोष्टींतही त्यांचे अनुकरण टाळावे.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध मोजणी आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबमधली आहे. तिथल्या मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे, पुढे सपाट मैदान. त्यांच्या सुमारे दोनशे वर्षे आधी खलिफा मामूनच्या माणसांनी सिंजारच्या मैदानात दोऱ्या ताणत उत्तर-दक्षिण चालत जाऊन एका अंशाचे अंतर मोजले होते. अल्बेरुनींनाही गुरगानकडे तसे करायचे होते, पण मदत मिळाली नाही. नंदनाला त्यांनी दुसरी युक्ती केली. मैदानातल्या दोन जागांवरून डोंगरमाथ्याचे कोन घेऊन उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर चढून क्षितिज डोळ्याच्या पातळीखाली किती झुकलेले दिसते ते मोजले. झुकाव ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. या दोन आकड्यांवरून पृथ्वीची त्रिज्या त्रिकोणमितीने निघते. एक डोंगर, एक मैदान आणि एक माणूस. शेकडो मैल चालण्याची गरज उरली नाही.

ही त्रिज्या आजच्या मापाशी किलोमीटरपर्यंत जुळते, असे अभिमानाने लिहिले जाते. पण त्यांच्या हाताची लांबी आज नेमकी सांगता येत नाही, आणि हवेतून येताना प्रकाश वाकतो म्हणून क्षितिजाचा झुकाव आहे त्याहून कमी दिसतो. मोठेपण दुसरीकडे आहे. अल्बेरुनींचे उत्तर एका अंशाला ५६ अरबी मैलांच्या आसपास, म्हणजे मामूनच्या मोजणीच्या अगदी जवळ आले. तेवढ्यावर त्यांनी जुन्या लोकांचाच आकडा स्वीकारला. त्यांची यंत्रे अधिक बारकाईची होती आणि त्यांनी कष्ट अधिक घेतले होते, हे कारणही नोंदवले. आपल्या सर्वांत सुंदर युक्तीचे उत्तर त्यांनी स्वतःच बाजूला ठेवले.

पंजाबात त्यांनी पंडितांकडून संस्कृत शिकून घेतले. पतंजलीचा योगविचार अरबीत आणला आणि युक्लिडची भूमिती संस्कृत श्लोकांत बांधायला घेतली. सुमारे १०३० मध्ये भारतावरचा ग्रंथ पूर्ण झाला. त्यात ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर यांच्याशी चर्चा आहे, उज्जैनवरून जाणाऱ्या मध्यरेखेचा आणि देशांतराच्या गणिताचा ऊहापोह आहे. काही पंडितांच्या अहंकारावर टीका आहे, तशीच महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली आणि इथली शास्त्रे दूर काश्मीर-काशीकडे निघून गेली, याचीही स्पष्ट नोंद आहे. ज्या घराण्याच्या छायेत राहायचे, त्याच्याबद्दल हे लिहिले आहे.

या ग्रंथात धारहून दक्षिणेकडे जाणारी एक वाट येते. ती मरहट्ट देशातून कोकणात उतरते आणि समुद्रकाठच्या ठाण्याला पोचते. पण ठाण्याचा अक्षांश ते देत नाहीत. पेशावर, झेलम, सियालकोट, लाहोर, मुलतान अशा स्वतः मोजलेल्या गावांची यादी देऊन, यापुढे आपण गेलो नाही, असे ते साफ सांगतात. ऐकलेले अंतर आणि मोजलेला अक्षांश यांची त्यांनी सरमिसळ होऊ दिली नाही.

उस्तादाचे ऋण त्यांनी दोन्ही अंगांनी फेडले. म्हातारपणी आपल्या ग्रंथांची यादी केली तेव्हा त्यात शंभराहून अधिक नावे भरली. शेवटी अबू नस्र यांनी शिष्याच्या नावे लिहिलेले बारा ग्रंथ त्यांनी वेगळे नोंदवले, ख्रिस्ती वैद्य अबू सहल मसीही यांनी लिहिलेले बाराही नोंदवले. त्यातला एकही आपल्या खात्यावर जमा केला नाही. आणि १०२९ मध्ये ख्वारिज्मच्या रैहाना नावाच्या मुलीसाठी त्यांनी प्रश्नोत्तरांचे एक पुस्तक रचले. बिंदू आणि रेषा म्हणजे काय इथून ते सुरू होते आणि गणित, आकाश, पृथ्वी अशी पायरीपायरीने वाट चढते. पृथ्वी मोजून झालेल्या माणसाला एका मुलीसाठी पुन्हा बिंदूपासून सुरुवात करण्यात कमीपणा वाटला नाही.

महमूदानंतर मसूद गादीवर आला. त्याला अर्पण केलेल्या खगोलशास्त्राच्या महाग्रंथाबद्दल त्याने हत्तीभर चांदी पाठवली आणि अल्बेरुनींनी ती परत केली, अशी आख्यायिका आहे.

१०४८ च्या सुमारास गझनीत ते अखेरच्या आजारात होते. एक परिचित कायदेपंडित भेटायला आले. श्वास अडकत असताना अल्बेरुनींनी त्यांना वारसाहक्कातल्या आजीच्या वाट्याचा एक जुना, अर्धवट राहिलेला प्रश्न विचारला. अशा अवस्थेत हे कशाला, म्हणून पाहुण्यांना गलबलून आले. न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेले बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. मग पाहुण्यांनी उत्तर समजावून सांगितले, अल्बेरुनींनी ते पाठ केले आणि त्यांना पुन्हा म्हणून दाखवले. पाहुणे निरोप घेऊन रस्त्याला लागले, तोच मागे घरातून रडण्याचा आवाज आला.