वाळूची नाडी ओळखणारा अभियंता

जैसलमेरच्या वाळूत जीप घालण्यापूर्वी जाणता चालक खाली उतरतो आणि चारही टायरमधली हवा थोडी थोडी सोडतो. नवख्याला हा प्रकार उफराटा वाटतो. गाडी रुतण्याची भीती असताना टायर ढिले का करायचे? वाळवंटात मोटार हाकणाऱ्यांमध्ये आता सर्वमान्य झालेल्या या युक्तीशी ज्यांचे नाव सर्वाधिक जोडले जाते, ते ब्रिगेडियर राल्फ अल्जर बॅगनॉल्ड हे ब्रिटिश लष्करातील अभियंते होते. जुन्या, स्वस्त आणि रस्त्यासाठी बनवलेल्या गाड्यांना त्यांनी सहारा ओलांडण्याजोगे केले. त्यासाठी अधिक ताकदीचे इंजिन त्यांनी कधी मागितले नाही. वजन, पाटे आणि टायर या तीनच गोष्टींवर त्यांचा भर राहिला.

बॅगनॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. वडील रॉयल इंजिनीअर्समध्ये कर्नल होते. खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी १८८४-८५ मध्ये निघालेल्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला होता, त्यामुळे नाईल आणि तिच्या पश्चिमेचे वाळवंट या घरात परके नव्हते. थोरली बहीण एनिड पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आली. ‘नॅशनल व्हेल्वेट’ ही तिचीच कादंबरी. राल्फ यांना मात्र लहानपणापासून हत्यारे आणि यंत्रे यांचीच ओढ. वुलिचच्या लष्करी अकादमीतून १९१५ मध्ये ते रॉयल इंजिनीअर्समध्ये दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत त्यांनी काही वर्षे काढली. युद्धानंतर केंब्रिजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते पुन्हा लष्करात परतले, ते रॉयल सिग्नल्समध्ये. इजिप्त आणि भारत या दोन्ही देशांत त्यांची नेमणूक झाली.

१९२६ मध्ये ते कैरोला पोहोचले. तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची सुटी पोलो, शिकार आणि क्लबमध्ये जाई. बॅगनॉल्ड आणि त्यांच्या काही मित्रांनी मात्र फोर्ड मॉडेल टी गाड्या घेतल्या आणि सुटी मिळेल तसे ते वाळवंटात शिरू लागले. आधी सिनाई ओलांडून पॅलेस्टाइन, मग पश्चिमेकडे सिवाचे मरुद्यान. सरकारी मदत नव्हती; पेट्रोलपासून नटबोल्टपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करायचा. स्वस्त गाडी निवडण्यामागे हे साधे कारण होते.

मॉडेल टी त्या काळीही जुनाटच मानली जाई. १९०८ पासून बनणारी ही गाडी, इंजिन जेमतेम २० अश्वशक्तीचे, पुढे जाण्याचे गिअर दोनच. पुढे एक आणि मागे एक असे दोन आडवे पाटे, एवढेच तिचे सस्पेन्शन. मात्र जमिनीपासून ती चांगली उंच होती, वजनाने हलकी होती आणि बिघडली तर पाना-पक्कड घेऊन वाटेत दुरुस्त करता येत होती. मोठ्या, डौलदार मोटारींपेक्षा हे गुण वाळवंटात अधिक मोलाचे ठरले. बॅगनॉल्ड आणि मंडळींनी तिच्यावरचा सारा डामडौल उतरवला. आरामशीर बॉडीच्या जागी लाकडी खोक्यासारखा सांगाडा बसवला आणि वाचलेल्या प्रत्येक किलोच्या जागी पाणी किंवा पेट्रोल भरले. १९२९ पासूनच्या मोठ्या मोहिमांत मॉडेल टीची जागा तिच्याच वंशातल्या मॉडेल ए या गाडीने घेतली. तिला तीन गिअर आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन होते, शिवाय धक्के शोषणारे हायड्रॉलिक शॉक अॅब्सॉर्बरही होते. तयारीची रीत मात्र तीच राहिली.

या खटाटोपामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. गाडीचे सारे वजन चार टायर जमिनीला जिथे टेकतात तेवढ्याच जागेवर पडते. हवा कमी केली की टायर पसरतो, टेकण्याची जागा वाढते आणि वाळूच्या प्रत्येक बोटभर जागेवरचा भार कमी होतो. कडक टायर वाळू कापत खाली जातो, तर ढिला टायर तिच्यावर तरंगतो. उंटाचा पसरट पाय हेच तर करतो. पण हीच गाडी पुढे दगडी पठारावर चढली की ढिल्या टायरची बाजू धारदार खड्यांनी चिरते, टायर तापतो आणि फाटतो. म्हणून वाळू संपली की रणरणत्या उन्हात, हातपंपाने पुन्हा हवा भरणे आले. दिवसातून कितीदा हवा सोडायची, कितीदा भरायची आणि हातातले स्टेपनी टायर किती दिवस पुरवायचे, यावर मोहिमेचा टप्पा ठरे.

पाट्यांची कथाही अशीच. पाण्याचे आणि पेट्रोलचे डबे लादले की मूळचे पाटे सपाट होत आणि पहिल्याच खडकावर तुटत. जादा पान घालून पाटा भक्कम करता येतो, पण मग रिकाम्या गाडीत बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात आणि चाके जमिनीवर टिकत नाहीत. शिवाय जादा लोखंड म्हणजे पुन्हा जादा वजन. मनुष्यवस्तीपासून शेकडो किलोमीटरवर तुटलेला पाटा आणि संपत आलेले पाणी यांचा अर्थ एकच होता. त्यामुळे सामान किती घ्यायचे हा प्रश्न बॅगनॉल्ड यांच्या मोहिमांत आवडीनिवडीचा नव्हता. प्रत्येक वस्तू तोलून घेतली जाई.

पाण्याचा घोट वाचवण्याची त्यांची सोयही कौतुकास्पद होती. उकळलेल्या रेडिएटरमधून वाफ बाहेर निघून जाते आणि प्यायचे पाणी इंजिनाला पाजावे लागते. यावर रेडिएटरची वाट बंद करून ती वाफ नळीने बाजूला बांधलेल्या डब्यात सोडली जाई. डब्यातल्या पाण्यात वाफ थिजे आणि इंजिन थंड झाले की तेच पाणी आपोआप रेडिएटरमध्ये ओढले जाई. लोखंडी गाडीजवळ चुंबकीय होकायंत्र चुकते, म्हणून सावलीवरून दिशा दाखवणारे सूर्य-होकायंत्र त्यांनी वापरले आणि सुधारले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या दोन्ही कल्पनांची पूर्वपीठिका पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश लाइट कार पेट्रोलच्या फोर्ड गाड्यांत सापडते. इंग्रजी लेखनात सारे श्रेय एकट्या बॅगनॉल्ड यांच्या पदरात टाकण्याची प्रथा पडली आहे, ती काहीशी अन्यायकारक आहे. विखुरलेल्या युक्त्या एकत्र आणून त्यांची शिस्तबद्ध पद्धत बनवणे हे त्यांचे खरे काम, आणि तेही लहान नव्हे.

रुतलेली गाडी काढण्याच्या पोलादी पन्हाळीवजा पट्ट्या मात्र त्यांनी कैरोच्या भंगारबाजारातून शोधून काढल्या. महायुद्धात खंदकांतल्या निवाऱ्यांच्या छपरासाठी बनवलेल्या या पट्ट्या मागच्या चाकांपुढे वाळू उकरून ठेवायच्या, गाडी त्यांच्यावर चढवायची, पुढे न्यायची, आणि पुन्हा पट्ट्या उचलून धावायचे. आज खडतर प्रवासाला निघणाऱ्या गाड्यांच्या टपावर बांधलेले प्लॅस्टिकचे फळे ही त्याच पट्ट्यांची पुढची पिढी.

इजिप्त-लिबिया सीमेवर सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटर पसरलेला ‘ग्रेट सँड सी’ मोटारीने ओलांडणे तोवर अशक्य मानले जाई. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या वाळूच्या रांगा एकामागून एक, काही शंभर मीटरपर्यंत उंच. त्यांच्याशी झगडताना बॅगनॉल्ड यांनी धाडस केले आणि गाडी ताशी ६०-६५ किलोमीटर वेगाने थेट टेकडीच्या अंगावर घातली. गाडी न रुतता वर सरकत गेली आणि माथ्यावर पोहोचली. वाऱ्याच्या बाजूचा उतार हलका आणि घट्ट असतो, हे त्यामागचे कारण. वेग मोडायचा नाही, मध्येच वळायचे नाही, ब्रेक लावायचा नाही आणि माथ्यापलीकडे काय आहे हे कळण्याआधी थांबायचे, असे चालवण्याचे नियम यातून तयार झाले. पलीकडची बाजू सुमारे ३३ अंशांची, भुसभुशीत आणि घसरती असते. तिथे अंदाज चुकला की गाडी उलटणार.

१९३२ मध्ये त्यांचा चमू उवैनातच्या डोंगरांवरून थेट सुदानमधील अल फाशेरपर्यंत जाऊन आला. विल्यम केनेडी शॉ, गाय प्रेंडरगास्ट यांच्यासारखे सहकारी याच काळात तयार झाले. त्याच वाळवंटात फिरणाऱ्या हंगेरीच्या लास्लो अल्माशी यांना ‘द इंग्लिश पेशंट’ या चित्रपटाने १९९६ मध्ये जगभर नेले. बॅगनॉल्ड यांच्या वाट्याला ते वलय आले नाही. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मात्र त्यांना सुवर्णपदक दिले. १९३५ मध्ये आजारपणामुळे त्यांना लष्करातून निवृत्त व्हावे लागले.

इथून त्यांच्या आयुष्याला जे वळण लागले ते एखाद्या हौशी मोटारवाल्याला सहसा लागत नाही. एकाच टेकडीवर चार पावले इकडची वाळू गाडी पेलते आणि चार पावले तिकडची गिळते, हे कशामुळे? टायरखाली पडलेल्या या प्रश्नाचा त्यांनी प्रयोगशाळेपर्यंत पाठलाग केला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात त्यांनी स्वतःच्या हाताने वाऱ्याचा बोगदा उभारला आणि वाळूचे कण वाऱ्याने कसे उड्या मारतात, एक कण पडताना दुसऱ्याला कसा उडवतो, याची मोजमापे घेतली. वाऱ्याचा जोर दुप्पट झाला की वाहून जाणारी वाळू दुप्पट होत नाही, ती सुमारे आठपट होते, असा त्यांच्या समीकरणाचा ढोबळ अर्थ. उडत्या कणांच्या सततच्या माऱ्याने वाऱ्याकडचा उतार घट्ट बसतो आणि आडोशाला गळून पडलेले कण पोकळ राहतात. चालकाला हवे असलेले उत्तर त्यातच होते. १९३८ मध्ये पुन्हा वाळवंटात जाऊन त्यांनी प्रयोगशाळेतली गणिते तपासून पाहिली. ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

दरम्यान दुसरे महायुद्ध पेटले होते. १९३९ मध्ये त्यांना पुन्हा सेवेत बोलावून केनियाकडे रवाना करण्यात आले, परंतु भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली आणि ते इजिप्तला उतरले. त्यांची खबर लागताच सेनापती वेव्हेल यांनी त्यांना तिथेच ठेवून घेतले. लिबियातील इटालियन फौजेच्या पाठीमागे, वाळवंटातून गस्त घालण्याची त्यांची योजना आधी वरिष्ठांनी बाजूला ठेवली होती. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर ती थेट वेव्हेल यांच्यापुढे गेली आणि मंजूर झाली. तयारीला मुदत होती सहा आठवड्यांची.

लष्कराकडे योग्य गाड्या नव्हत्या. काही शेव्हर्ले ट्रक विक्रेत्यांकडून घेतले, काही इजिप्शियन सैन्याकडून मागून आणले. दीड टन क्षमतेच्या या साध्या मालवाहू गाड्यांची दारे, काचा, टप काढून टाकण्यात आले, पाट्यांना जादा पाने घालण्यात आली, रुंद आणि कमी दाबाचे टायर बसवले गेले, रेडिएटरला वाफेचे डबे जोडले गेले. सुटीतल्या फोर्डवर जे केले होते तेच आता युद्धासाठी झाले. दीड टनाच्या गाडीवर दोन टन भार लादून, तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन हे पथक निघे. सुरुवातीला प्रत्येक तुकडीत दोन अधिकारी, २८ जवान आणि ११ गाड्या होत्या. पहिले जवान न्यूझीलंडचे होते. हेच पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हणून ओळखले गेले.

हे ट्रक फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारे होते, याकडे दुर्लक्ष होता कामा नये. १९४१ मध्ये चारही चाके ओढणारे फोर्ड ट्रक आले, पण ते जड होते आणि पेट्रोल अधिक पीत. इंधन वाढले की वजन वाढते, वजन वाढले की पाटे आणि टायर लवकर जातात. १९४२ मध्ये पथक पुन्हा दोन चाकांच्या शेव्हर्लेकडे वळले. वाळूत फोर-व्हील ड्राइव्हशिवाय पर्याय नाही, असे मानणाऱ्यांनी हा अनुभव जरूर पाहावा.

जानेवारी १९४१ मध्ये मुक्त फ्रेंच सैनिकांच्या साथीने मुर्झुकच्या इटालियन ठाण्यावर पथकाने छापा घातला. त्यासाठी चाडमधील फ्रेंचांशी बोलणी करण्यास बॅगनॉल्ड स्वतः गेले होते. ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांनी नेतृत्व प्रेंडरगास्ट यांच्याकडे सोपवले. जाट, मुस्लिम, राजपूत आणि शीख तुकड्यांची ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ पुढे याच पथकाबरोबर वाळवंटात वावरली; भारतीय वाचकांना ही बाब फारशी ठाऊक नाही. पथकाचा वाळवंटात टाकून द्यावा लागलेला एक शेव्हर्ले ट्रक १९८० च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये दाखल झाला, तो गंजलेल्या अवस्थेतच जतन करण्यात आला.

१९४४ मध्ये ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाल्यावर बॅगनॉल्ड पुन्हा संशोधनाकडे वळले. १९४६ मध्ये त्यांचा विवाह झाला. वाळू वारा वाहून नेतो तशी नदीही नेते, म्हणून नद्यांच्या गाळावर त्यांनी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यासाठी अनेक वर्षे काम केले. मंगळावर वाळूच्या टेकड्या आढळल्यानंतर नासाच्या शास्त्रज्ञांनाही त्यांच्याच ग्रंथाकडे वळावे लागले. २८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘सँड, विंड अँड वॉर’ हे आत्मचरित्र त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

मंगळावरील गेल विवरातील टेकड्यांच्या एका पट्ट्याला बॅगनॉल्ड यांचे नाव देण्यात आले. २०१५ च्या अखेरीस नासाचे ‘क्युरिऑसिटी’ यान तिथे पोहोचले. त्याची अॅल्युमिनियमची चाके त्याआधीच टोकदार दगडांनी फाटू लागली होती. टेकडीच्या आतली वाळू पाहण्यासाठी यानाने त्यातलेच एक चाक वाळूत फिरवून चर पाडला.