ख्रिस पेरी : कोकणी गाण्याला जॅझचा साज

मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत एके काळी गोव्याच्या वादकांवाचून पान हलत नसे. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे हे कलावंत हिंदी चित्रपटगीतांना वाद्यमेळाचा साज चढवीत. श्रेयनामावलीत मात्र त्यांना क्वचितच जागा मिळे. मडगावच्या बोर्डा भागात १९२८ साली जन्मलेले ख्रिस पेरी त्यांपैकीच एक. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्ये ते लीलया वाजवीत.

चित्रपटांनी त्यांना काम दिले, कीर्ती मात्र मिळाली ती कोकणीमुळे. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’मध्ये जॅझ वाजविणाऱ्या पेरी यांनी तोच ठेका, पितळी वाद्यांची तीच झळाळी मातृभाषेतील गीतांत आणली. लॉर्ना कॉर्देरो यांच्या दमदार आवाजातील ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’ ही गाणी गोवेकरांच्या घरोघरी पोचली. ‘बेबदो’ म्हणजे दारुडा. तियात्रात शोभणारा हा विषय नाइट क्लबच्या तालावर आणणे धाडसाचेच होते.

सत्तरच्या दशकात दोघांची साथ सुटली. लॉर्ना अनेक वर्षे गाण्यापासून दूर राहिल्या, त्या १९९५ मध्येच परतल्या. कोकणी संगीताची ही हानी मोठीच. पेरी यांनी १९७७ मध्ये ‘भुयारांतलो मुनीस’ या पहिल्या रंगीत कोकणी चित्रपटाला संगीत दिले, पुढे ते दुबईला गेले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. या दोघांच्या कहाणीवर बेतलेला ‘नाचोंया कुंपासार’ २०१४ साली आला, तेव्हा त्यांचीच जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आली.