बार्नाचा उजवा हात

मालेगाव म्हटले की लोकांना नाशिककडचे यंत्रमाग आठवतात. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले. बँकेने मला इथे पाठवले तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होते. १९९८ साली जिल्हा बदलला. मी मात्र निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. संध्याकाळी आम्ही सहा-सात साठी ओलांडलेली मंडळी एका रिकाम्या गोदामात टेबल टेनिस खेळतो. जगात २००१ पासून अकरा गुणांचा डाव आला. आमचा अजून एकवीसचाच. तेवढाच वेळ घराबाहेर!

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा धरला. बॅट कपाटात गेली आणि माझी चिडचिड सुरू झाली. किती, ते आमच्या सौभाग्यवतींना विचारा. त्या रिकाम्या दिवसांत व्हिक्टर बार्ना आठवला. शाळेत आमच्या मास्तरांच्या बॅटवर ते नाव होते. कितीतरी वर्षे मला ते कंपनीचेच नाव वाटे.

बार्ना मूळचा बुडापेस्टचा, जन्म १९११ चा. आडनाव ब्राउन. तेव्हाच्या हंगेरीत ज्यूंचा द्वेष इतका, की ते टाकून त्याने बार्ना हे हंगेरियन नाव घेतले. १९३० ते १९३५ या सहा वर्षांत एकेरीचे जगज्जेतेपद त्याने पाच वेळा मिळवले. मधल्या १९३१ साली त्याला हरवले ते त्याच्याच दुहेरीतल्या जोडीदाराने, साबादोशने. दाणेदार रबराच्या त्या जुन्या बॅटने तो बॅकहँडचा असा झटका मारी, की त्या फटक्यालाच त्याचे नाव पडले.

आणि १९३५ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये मोटारीला अपघात झाला. उजवा हात मोडला. हाडाला धातूची पट्टी बसवावी लागली. वय अवघे तेवीस. ज्या फटक्यावर नाव झाले तो फटका पूर्वीसारखा राहिला नाही, आणि एकेरीचे जगज्जेतेपद पुन्हा कधी त्याच्याकडे आले नाही.

इथे चरित्र संपले असते तरी कुणी नावे ठेवली नसती. पण बार्ना दुहेरी खेळत राहिला. दुहेरीत नियमच असा, की जोडीदारांनी आळीपाळीने चेंडू मारायचा. आपला फटका मारून झाला की लगेच बाजूला सरायचे, त्याला जागा करून द्यायची. एकट्याने गाजवलेल्या माणसाला हे बाजूला सरणे किती जड जात असेल, ते बँकेतून निवृत्त झालेला कोणताही शाखाधिकारी सांगेल.

१९३९ साली कैरोत तो रिचर्ड बर्गमनबरोबर उतरला. बर्गमन एकोणीस वर्षांचा, व्हिएन्नाचा ज्यू, हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर इंग्लंडला आलेला. दोघांनी विजेतेपद मिळवले. बार्नाचे हे दुहेरीतले आठवे. सांघिक, मिश्र सगळे धरून एकूण सुवर्णपदके बावीस. महायुद्ध पेटले तेव्हा तो अमेरिकेत होता. तिथे सुखाने राहता आले असते, पण परत येऊन ब्रिटिश सैन्यात छत्रीधारी झाला. पुढे इंग्लंडच त्याचे घर झाले आणि तो डनलॉप कंपनीच्या नोकरीत रमला.

१९५२ साली मुंबईच्या जागतिक स्पर्धेत जपानच्या सातोने जाड स्पंजची बॅट आणली आणि दाणेदार रबराचे राज्य डळमळले. चेंडूचा आवाजच नाहीसा झाला म्हणतात. तरी १९५४ साली वेम्बलीला बेचाळीस वर्षांचा बार्ना फ्रान्सच्या हाग्नोएरला घेऊन दुहेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. हरला, पण मला त्या बावीस सुवर्णांपेक्षा हे रौप्य मोठे वाटते.

१९७२ साली कंपनीच्या कामाने पेरूला गेला असताना लिमा शहरात हृदयविकाराने तो गेला. साठी नुकतीच गाठली होती. चाळिशीपुढच्यांची पहिली जागतिक स्पर्धा स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९८२ साली झाली. आज तिथे नव्वदीच्या खेळाडूंचाही गट असतो. बार्नाला ते पाहायला मिळाले नाही.

दिवाळीनंतर मी बॅट काढली. खांद्याने जमेल तेवढेच, तेही दुहेरीत. जोडीदार निवृत्त शिक्षक आहेत. मी बाजूला सरलो नाही की पूर्वी पोरांवर ओरडायचे तसे माझ्यावर ओरडतात. परवा आम्ही एकवीस-एकोणीसने हरलो. शेवटची सर्व्हिस माझी होती, जाळीत गेली.